मागं काय हाय?

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात समोरच्याशी बोलताना त्याच्या खांद्यावरून पाठीमागचं रान न्याहाळणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नात माझ्यावर अक्षता पडत होत्या, तेव्हाही मामा माझ्याकडे नव्हे, माझ्यामागच्या कनातीकडे बघत होते. फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या या माणसाला जगाची एकच काळजी : सुटलेली गोळी थांबते कुठं?

माणसंही ते त्याच मापानं तोलतात. "पाच-छप्पनची गोळी हलकी. निघती झपाट्यानं, पण लांब गेली की वाऱ्यातच दमती. सात-बासष्टची जड. निघताना जरा सावकाश, पण लांबवर जोर धरून ऱ्हाती. आन वेग अर्धा झाला की जोर अर्धा न्हाई, पाव उरतो, जावईबापू!" हे त्यांनी मला जेवताना ताटात शेंगदाणे मांडून शिकवलं. माझं भात कालवायचं राहूनच गेलं. वसमतची एसटी त्यांच्या लेखी पाच-छप्पन. सासूबाईंचा टोमणा सात-बासष्ट, कारण तो वीस वर्षांपूर्वी सुटला आणि मला अजून लागतो. "आन मी?" मी एकदा हौसेनं विचारलं. "तुमी बारा बोरचे छर्रे. आवाज लई. शंभर पावलांवर कोंबडी बी उठत न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात रानडुकरांनी माझा दोन एकर भुईमूग उकरायला घेतला. रोज सकाळी वावर थोडं थोडं कमी होऊन राहिलं होतं आणि माझी झोपही. वनखात्याची परवानगी मिळाली, रायफल मामांकडे होतीच, परवान्याची. दिवस उगवता आम्ही बांधाआड बसलो. उसातून एक डुक्कर निघालं, समोरच्या उंच बांधावर चढलं आणि आडवं उभं राहिलं. मामांनी रायफल खांद्याला लावली.

"मागं काय हाय?"

"काही न्हाई. मोकळं रान."

"बराबर बघितलं का?"

"मामा, माझंच वावर हाय ते! मारा!"

"खाली उतरू द्या त्याला. मागं माती पायजे. गोळी चुकली तर मैलभर जाईल."

डुक्कर उतरलं, पण पलीकडच्या बाजूनं, आणि दिसेनासं झालं. माझा तोल गेला. "फौजेत बी हेच करत होते का? गंज चढला मामा तुमाला!"

मामांनी रायफल रिकामी केली, ते समोरच्या बांधावर गेले आणि डुक्कर उभं होतं तिथून पावलं मोजत सरळ निघाले. मी कुरकुरत मागं. चढ संपला, उतार लागला आणि मामा थांबले. "सहाशे चाळीस," ते म्हणाले.

समोर जाळीच्या कोंडवाड्यात मेंढ्या होत्या. शेजारी एक धनगरीण चूल फुंकत होती. खतासाठी त्या मेंढ्या मीच आदल्या दिवशी तिथं बसवल्या होत्या. पण पीक नसलं की आम्हा शेतकऱ्यांच्या लेखी रान मोकळंच.

"या मामा, च्या ठेवून राहिले. दिसली का डुकरं?"

"दिसली. गेली," मामा म्हणाले. त्यांनी कपबशी घेतली आणि वळून आलेल्या चढाकडे बघितलं. मी मेंढ्या मोजत राहिलो.

परतताना ते आपणहून बोलले. "फौजेत नवीन होतो तवा. चांदमारीच्या सरावात माझी एक गोळी निशाण्यामागच्या मातीच्या धक्क्यावरून पलीकडं गेली. दोन दिवस शोधलं. कुणाला लागली न्हाई, म्हणले. पण सापडली बी न्हाई."

"मंग?"

"मंग काय? अजून जाऊन राहिली."

भुईमूग निम्मा गेला. उरलेल्यातल्या पसाभर शेंगा बायकोनं त्यांच्यासाठी भाजून पाठवल्या. मामा आता थकलेत. ओट्यावर बसतात, माझी विचारपूस करतात आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते. पूर्वी मला राग यायचा. आता मी बोलता बोलता जरा बाजूला सरकतो. त्यांना नीट दिसू दे.