खाजणात जावई

मी गागोदे बुद्रुकचा, भात आणि वाल पिकवणारा माणूस. माशांशी माझी ओळख फक्त ताटातली. सासुरवाडी मात्र पेणच्या पलीकडे, खाडीकाठी. तिथे सासऱ्यांचं खाजण आहे, म्हणजे बांध घालून अडवलेलं खाऱ्या पाण्याचं तळं. जावई आला की जिताडा, म्हणजे खाडीतला मानाचा मासा, शिजलाच पाहिजे, अशी तिकडची रीत. बावीस वर्षं मी त्यांचा जिताडा खातोय आणि बावीस वर्षं एकच वाक्य ऐकतोय, "खा जावयबापू, डोंगरात तुम्हाला कुठं गावायचा."

यंदा ठरवलं, एकदा तरी आपण धरलेला जिताडा त्यांच्या ताटात वाढायचा. साधनं तयार होती. मेव्हण्यानं आखातातून कयाक आणली होती (हवा भरून फुगवायची, एकट्यानं वल्हवायची होडी) आणि गळाला लावायला डबाभर मऊ रबरी मासे. सासऱ्यांनी त्यातला एक हुंगून पाहिला होता. "याला मांजरबी तोंड लावायची नाय," म्हणाले.

सकाळी सगळे चहात असताना मी कयाक काखेत मारली.

"अहो, बाबांना सांगून जा," बायको म्हणाली.

"सांगितलं तर गंमत काय?"

गंमत पुढे सगळ्या गावाला कळली.

खाजणाच्या मध्यावर जाऊन मी केशरी रबरी मासा पाण्यात टाकला. पहिल्यांदा गळ माझ्याच टोपीला लागला, दुसऱ्यांदा कयाकला लागता लागता राहिला. तिसऱ्यांदा मात्र असा हिसका बसला, की मी कयाकसकट गोल फिरलो. जिताडा! चांगला हातभर! मी आनंदानं उभा राहायला गेलो (कयाकमध्ये उभं राहायचं नसतं, हे तिच्या खोक्यावर लिहिलं होतं म्हणे), धपकन खाली बसलो आणि दोरी तटकन तुटली. जिताडा रबरी माशासकट पसार.

दुसरा रबरी मासा लावत बसलो. तेवढ्यात बांध उंच झाल्यासारखा वाटला. थोड्या वेळानं आणखी उंच. बांध वाढत नसून पाणी उतरतंय, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा कयाक चिखलात बसली होती. चारी बाजूंना कमरेएवढा गाळ, मध्ये मी, आणि शेजारी येऊन उभा राहिलेला एक बगळा. मी बायकोला फोन लावला.

"अगो, पाणी गेलं."

"नळाचं?"

"खाजणाचं."

"अहो, बाबांनी ओहोटी बघून उघाडी उघडलीय. तुमच्यासाठी जिताडा धरायला."

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. ओहोटीला ते उघडायचं, तोंडाशी जाळं लावायचं, की पाण्याबरोबर मासे आपसूक जाळ्यात येतात. मी त्यांना मासा खिलवायला आत, ते मला मासा खिलवायला बाहेर!

पाच मिनिटांत बांधावर निम्मं गाव जमलं. सासऱ्यांनी दोर फेकला. मग ते बांधावरून सूचना देऊ लागले.

"जावयबापू, उतरू नका. रुताल."

"मग काय करू?"

"काय नाय. बसा निवांत. ते तुम्हाला जमतंय."

चौघांनी ओढलं आणि मी गाळावरून घसरत, वरातीच्या थाटात काठाला लागलो. मान खाली घालून उभा होतो, तोच जाळ्यापाशी सासूबाई ओरडल्या, "अवो, याच्या तोंडात काय हाय बघा!"

जाळ्यात हातभर जिताडा होता आणि त्याच्या ओठाला केशरी रबरी मासा. सासऱ्यांनी तो सोडवला, बराच वेळ न्याहाळला. मग मोठ्यानं म्हणाले, "जिताडा जावयानं धरला. मी नुसता उचलला."

दुपारी तो मी माझ्या हातानं त्यांना वाढला. डोक्याचा तुकडा पहिला. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. बावीस वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

परवा मी घरी वाल सोलत बसलो होतो. सासऱ्यांचा फोन.

"जावयबापू, कुठं हाव?"

"घरी. गागोद्याला."

"नक्की? घरातलं कोणीतरी बोलवा फोनवर."

बायकोनं फोन घेऊन साक्ष दिली, मगच त्यांनी उघाडी उघडली.