चंदगडच्या वहिनींची काटकसर

आमच्या वहिनी जळकी काडी फेकत नसत. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात पावडरीचा जुना डबा होता, त्यात या जळक्या काड्या उभ्या करून ठेवलेल्या. सकाळी देवापुढं एक नवी काडी ओढायची, त्याच काडीनं निरांजन, त्याच काडीनं पहिली शेगडी. दुसरी शेगडी पेटवायची तर डब्यातली जळकी काडी पहिलीवर धरायची आणि दुसरीला लावायची. मी पहिल्या पगारात मोठ्या ऐटीत लायटर आणून दिला. वहिनींनी तो दोनदा टकटक वाजवला आणि म्हणाल्या, "आवाज चांगला हाय. पर बिघडला की टाकायचाच न्हवं ह्यो?" लायटर कपाटात गेला. पुढं तो आमच्या मंगळवार पेठेतल्याच कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून गेला असावा.

दुधाची पिशवी कापली की त्यात अर्धी वाटी पाणी घालून ती खळाळून घ्यायची, ते पाणी चहाला. पिशवी धुऊन दोरीवर वाळत, मग भंगारवाल्याला. दोडक्याच्या शिरांची चटणी. आंघोळीचं पाणी काळ्या रंगानं रंगवलेल्या डब्यात गच्चीवर तापायचं. उन्हाळ्यात चटके बसायचे आणि पावसाळ्यात दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, "हर हर" म्हणत बाहेर यायचा. कुणी तक्रार केली की वहिनी म्हणत, "वाया गेलं म्हंजे कुणाच्या तरी पोटातनं गेलंच की."

ही सगळी काटकसर त्यांनी माहेराहून आणली, असा आमचा समज होता. चंदगडच्या लोकांविषयी आम्हा कोल्हापूरकरांचे असे बरेच समज होते. त्यातले निम्मे मी तयार केलेले. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि घरात विनोदी म्हणून माझं नाव होतं. ते नावही मीच ठेवलेलं.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते कारण मीच होतो.

दादाच्या लग्नाला सहा महिने झाले असतील. एका रविवारी वहिनींचे वडील, आबा, लेकीला भेटायला आले. पहाटेची एसटी धरून, पाठीवर तांदळाची पिशवी, हातात काजूची. घरात मटण होतं. आबा पंगतीत माझ्या समोरच बसले. माणूस डोंगरातला, प्रवासानं भुकेजलेला. दोन भाकरी झाल्यावर ते संकोचत म्हणाले, "जरा मटण वाढा."

मी म्हणालो, "आबा, सावकाश. चंदगडात बकरी नसत्यात वाटतं?"

सगळे हसले. दादाही हसला. आबांनी हातातली फोड ताटात परत ठेवली. उरलेली भाकरी नुसत्या रश्शात बुडवून संपवली, "झालं" म्हणाले आणि तीनची गाडी धरली. त्यानंतर ते आमच्या घरात कधीच आले नाहीत. नातू झाला तेव्हा दवाखान्यात येऊन बाळ बघून गेले. दर उन्हाळ्यात काजू घेऊन यायचे, पण गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पिशवी लेकीच्या हातात द्यायचे आणि तिथूनच फिरायचे. आमच्या उंबऱ्याच्या आत पाण्याचा घोट नाही.

मी एकदा वहिनींना म्हणालो, "अहो, मी चेष्टा केली होती."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "बसली बरोबर."

भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून दर मटणाच्या दिवशी माझं ताट पहिलं वाढलं जाऊ लागलं. मोठ्या फोडी, नळी, सगळं मला. आणि वाढताना मोठ्यांदा, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं, "घ्या की भावजी, पोटभर घ्या. हितं बकरी हायत." माझे सासू-सासरे पहिल्यांदा जेवायला आले, त्यांच्यासमोरही हेच. सासऱ्यांनी भाबडेपणानं विचारलं, "म्हणजे काय?" वहिनींनी चमचा खाली ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. माझी नवी बायको त्या दिवशी जी वहिनींच्या बाजूला गेली, ती अजून परत आलेली नाही.

चहाचंही तेच. घरात चहा सगळ्यांना दुधाचा, मला पिशवी खळाळलेल्या पाण्याचा. एकदा पाहुण्यानं चुकून माझा कप उचलला, तेव्हा वहिनी धावल्या, "तो ठेवा पावणं, तो भावजींचा हाय. त्यास्नी पातळ सोसतोय."

एकदा मी चिडून विचारलं, "इतकी काटकसर करून करायचंय काय तुम्हाला?"

"घर बांधायचंय."

"हे घर काय वाईट आहे?"

"ह्या घरात आबा जेवणार न्हाईत. आणि लेकीच्या घरात जेवल्याबिगर मी त्यास्नी मरू देणार न्हाय."

मला वाटलं, बोलतात आपलं. दादा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, त्याच्या पगारात दोन मुलं आणि वर घर म्हणजे स्वप्नच. पण वहिनी दुपारी ब्लाऊज शिवत राहिल्या, नव्या साडीची हौस जुन्या साडीवर भागवत राहिल्या, आणि बावीस वर्षांनी शिरोलीच्या पुढं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं राहिलं. वास्तुशांत गुरुवारी झाली, पुरणपोळीची. आबांना त्या दिवशी बोलावलंच नव्हतं. "त्यांचं जेवण आईतवारी," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आणि त्यास्नी आणाय तुमी जायाचं. एसटीनं. त्यास्नी तिकीट न्हाय आता, वय झालंय. तुमचं तुमी काढा."

शनिवारी सकाळी मी चंदगडला पोचलो. आबा अंगणात काजूबिया वाळत घालत होते. पाठ वाकली होती, पण नजर तीच. मी वाकून नमस्कार केला. रस्ताभर पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "आबा, त्या दिवशी माझं चुकलं."

"कंच्या दिवशी?"

"बावीस वर्षांमागं. जेवताना."

"व्हय. चुकलं," आबा म्हणाले आणि बिया पसरत राहिले.

मी विचारलं, "मग येताय न्हवं?"

"लेकीच्या घरला जेवाय येतो की," ते म्हणाले. "माफ कराय न्हाय येत."

गाडीत त्यांनी खिडकी घेतली आणि मला चाकावरची जागा दिली. कोल्हापूर येईपर्यंत मी पिकांविषयी, पावसाविषयी, तब्येतीविषयी बोलत होतो. आबा बाहेर बघत होते.

रविवारी नव्या घरात आबा एकटेच पाटावर बसले. बाकी सगळ्यांना वहिनींनी थांबवलं. माझ्या हातात पातेलं दिलं. "वाढपी तुमी."

मी वाढलं. आबांनी शांतपणे खाल्लं. मग मान वर न करता म्हणाले, "पावणं, वाढा." मी वाकून वाढलं. पुन्हा, "वाढा." माझी कंबर सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि नोकरी खुर्चीवरची. चौथ्या वेळेला मी भिंतीला हात लावला. आबांनी नळी ताटावर आपटली, मगज चोखला आणि म्हणाले, "पांढरा रस्साबी आणा." दादा खिडकीतून बाहेर बघत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाचं जेवण नुसतं उभं राहून बघताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, गालावरून जाऊ दिलं.

सगळ्यात शेवटी माझं ताट आलं. भाकरी आणि तांबडा रस्सा. फोड एकही नाही.

"मटण?" मी विचारलं.

"संपलं."

ओट्यावर एक पातेलं झाकलेलं होतं, झाकणावर खलबत्त्यातला बत्ता ठेवलेला. माझी नजर तिकडं गेली आणि वहिनींनी ती जाताना पाहिली. दुसऱ्या दिवशी आबा न्याहारीला भाकरीबरोबर मटण खात होते, आणि चांगलं खात होते.

त्यांना गाडीत बसवायला स्टँडवर मी आणि वहिनी गेलो. गाडी सुटताना आबांनी लेकीच्या डोक्यावर खिडकीतून हात ठेवला. माझ्याकडं बघून मान हलवली, पण ती होकाराची की निरोपाची, मला कळलं नाही. गाडी गेल्यावर मी शिरोलीची केएमटी बस शोधू लागलो, तर वहिनी म्हणाल्या, "पुढच्या थांब्यापतूर चालूया. तिकिटाचा एक टप्पा वाचतोय."

आम्ही चालू लागलो. ऊन कडक होतं. बावीस वर्षांत आम्ही दोघंच असे कधी बरोबर चाललो नव्हतो. थोडं अंतर गेल्यावर मी धीर करून विचारलं, "वहिनी, आता तरी माझ्यावरचा राग संपला का?"

त्यांनी पदरानं मानेवरचा घाम टिपला, मनाशी काहीतरी अंदाज घेतला.

"बराचसा संपला," त्या म्हणाल्या. "वाईच ठिवलाय. लागला तर असावा."