निलगिरीचं तोरण

आमची पलटण शांतिसेनेत पूर्व काँगोत होती. निळं हेल्मेट, पांढरी गाडी, लाल माती. कॅम्प एका खिंडीत होता. वरच्या अंगाला गुराखी, खालच्या अंगाला मळेवाले शेतकरी आणि डोंगरापलीकडे दुसरा देश. गुराख्यांची भाषा त्या देशाची, म्हणून शेतकरी त्यांना म्हणत, "पलीकडे चालते व्हा." गुराखी म्हणत, "आमचे आजे इथंच पुरलेत." पण दर शुक्रवारी दोघंही आमच्या गेटसमोर रस्त्यावर बाजार भरवत. कारण सरळ होतं. आमची मशीनगन दोघांकडेही सारखीच बघत असे.

मी सुभेदार. घर शेलूबाजारजवळ, पिढीजात धंदा भाजीपाल्याचा. कोबी दिसला की माझा हात आपोआप तो दाबून पाहतो. त्यामुळे बाजारात कोबी विकणारी मामा सिफा (तिकडे मामा म्हणजे आई) मला लांबूनच शिव्या घालायची.

कॅम्प बंद करण्याची ऑर्डर आली. आमचा दुभाषा जोसेफ माझ्याकडे आला. भारतीय पलटणींत राहून तो हिंदी शिकला होता. आमच्या लान्स नायक गजाननने त्याला वऱ्हाडी शिकवून पार बिघडवला होता.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी गेले का बाजार मोडला. बाजार मोडला का रस्ता बंद. मंग वरचे पलीकडून बंदुका आनतीन अन् खालचे इथल्याच काढतीन. मंग आमी काय करावं?"

मी त्याला मेजर साहेबांकडे नेलं. त्यांनी ऑर्डरचा कागद दाखवला.

अशात पोळा आला, आणि तोही शुक्रवारी. गजानन आमच्याच भागातल्या धनजचा. सकाळी मला म्हणाला, "साहेब, जाता जाता एक पोळा भरवू. बैल हायेत, मैदान हाय, झडत्या म्हनायले तुमी हायेत."

झडत्या म्हणजे पोळ्याला तोरणाखाली दोन्ही बाजूंनी एकमेकांना चिमटे काढत म्हणायची कवनं. आमच्या गावात माझ्यासमोर उभा राहायला माणूस दोनदा विचार करतो. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलोच. आंब्याची पानं नव्हती, निलगिरीची घेतली. दोरीत ओवली. रस्त्याच्या दोन्ही कडेच्या झाडांना दोरी ताणून बांधली आणि मागे सरून बघितलं. वा!

आता ऐका. त्या मुलखात रस्त्यावर दोरी म्हणजे नाका. दोरी बांधणारा पैसे घेतो, नाहीतर जीव. हे मला पाठ होतं. पण तोरण हीसुद्धा दोरीच असते, हे डोक्यात आलंच नाही.

वरून गुराख्यांचा म्होरक्या, म्हातारा काराका, त्याची गुरं घेऊन आला. दोरी दिसली. थांबला. त्याच्यामागची पोरं रायफली घेऊन पसरली. खालून शेतकरी आले. त्यांनाही दोरी दिसली. कोयते निघाले, मग बंदुका. दोघांनाही वाटलं, जाता जाता पांढऱ्या गाडीवाल्यांनी दुसऱ्या बाजूला नाका बहाल केला.

गजाननने रेडिओ उचलला. "टायगर, गेटसमोर दोन्हीकडून हत्यारबंद माणसं. ओव्हर."

"रस्त्यावर दोरी कोणी बांधली? ओव्हर." पलीकडून मेजर साहेब.

मी सेट घेतला. "मी, साहेब. आज पोळा आहे. ओव्हर."

"क्या है?" मेजर साहेब ओव्हर म्हणायला विसरले.

"फायर कोणी करायचा नाही," मी जवानांना सांगितलं. रायफल गजाननकडे दिली आणि तोरणाखाली जाऊन उभा राहिलो. जोसेफ न बोलावता शेजारी आला.

"हे काहून बांधलं, साहेब?"

"सांगतो. मी म्हणेन ते मोठ्यानं सांग. घाबरलास का?"

"लय घाबरलो."

"मीबी."

मी काराकाकडे हात करून आवाज लावला:

"तुह्या गाईचे शिंगं लांब, त्याले टांगले कांदे दोन,
चाल बुढ्या पुढं चाल, तुले अडवनार कोन!
हर हर महादेव!"

जोसेफने भाषांतर केलं. महादेवाचं त्याने काय केलं देव जाणे. बंदुका तशाच.

काराका दोन पावलं पुढे आला. गाईचं कवन म्हणणं त्यांच्यात मोठ्या मानाचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याने काठी उंचावली आणि लयीत म्हणाला. जोसेफ हसू दाबत म्हणाला, "तो म्हंते, माह्या गाईच्या शिंगात चंद्र येऊन बसते. तुह्या डोक्यावर निळं मडकं बसलं!"

एवढ्यात खालून मामा सिफाचा आवाज, "चंद्र बसतो बसतो, अन् माझा कोबी खातो!"

आधी म्हातारा हसला. मग त्याची पोरं. मग खालचे. रायफली आपोआप खांद्यावर गेल्या.

आता मान कोणाचा? तोरणाखालून पहिला कोण? हे भांडण मला नवं नव्हतं. आमच्या गावात ते दरसाल होतं. मी सांगितलं, मान जोडीचा असतो. एक जनावर वरचं, एक खालचं. शेतकऱ्यांकडे बैलच नव्हता. मामा सिफाने आपली बोकडी पुढे ढकलली. मी तोरण सोडलं आणि वावभर शिंगांचा बैल अन् गुडघ्याएवढी बोकडी, असा आमचा पोळा फुटला. गजाननने तेवढ्यात बैलाची शिंगं पिंपांच्या उरलेल्या निळ्या रंगाने रंगवली होती. बोकडी मधेच थांबून खाली पडलेलं तोरण खाऊ लागली. त्या दिवसासारखा बाजार मी पाहिला नाही.

झेंडा उतरवला त्या दिवशी जोसेफने ती दोरी मागून घेतली.

पुढे दर शुक्रवारी त्याचे आवाजी निरोप येत राहिले. "साहेब, आज बी तोरन बांधलं. झडतीत कोबीवाली जितली." गावी परतल्यावर मी ते मंगरूळपीरच्या स्टँडवर चहा पिताना लोकांना ऐकवायचो.

मग निरोप बंद झाले. हत्यारबंद लोक आले होते. पलीकडचे की इकडचे, हे कोणी सांगत नाही. ते जोसेफला म्हणाले, दोरी घट्ट बांध आणि पैसे गोळा कर. तो म्हणाला, ही थांबवायची दोरी नाही. त्यांनी त्याला तिथेच गोळी घातली.

हे मामा सिफाने त्याच्याच फोनवरून कळवलं. सोबत पुढच्या शुक्रवारचा फोटो होता. दोरी, निलगिरीची पानं, एका टोकाला काराका, दुसऱ्या टोकाला ती. मधून गुरं जात होती.

आमच्याशिवाय त्या देशाचं काय होणार, असं मला लोक विचारतात. मी फोटो दाखवतो.

जोसेफकडे रायफल नव्हती, फौजेचा नंबर नव्हता, पेन्शन नव्हतं. माझ्या लेखी तो ड्यूटीवर असताना गेला.

यंदा आमच्या पोळ्याला पहिली झडती मी त्याच्या नावाने म्हटली. गजानन मुद्दाम धनजहून आला होता.

"हा जोसेफ कोन बे?" मागून कोणीतरी विचारलं.

"मानाचा हाय," गजानन म्हणाला. "तोरन सोडा."