मुरबाडच्या पाववाल्याची फ्रेंच

आसनगावला उतरलो तेव्हा पिशवीत दोन धोतरं आणि पोर्तुगीज म्हणींचं बाड होतं. गिरगावातल्या आमच्या छापखान्याने गोव्याच्या एका डॉक्टरसाहेबांचा म्हणसंग्रह फ्रेंच भाषांतरासह छापायला घेतला होता. मुंबईत दोन्ही भाषा येणारा एकच गृहस्थ मिळाला, आणि त्याने शब्दाला शब्द ठेवून दिला. डॉक्टर भडकले; त्यांना म्हणीला फ्रेंच म्हणच हवी होती. मालक मला म्हणाले, "माणूस शोधा, नाहीतर दुसरी नोकरी शोधा." मग कुणीतरी मुरबाडच्या मिंगेल पाववाल्याचं नाव सांगितलं. तो मूळचा गोव्याचा, बत्तीस वर्षं फ्रेंच बोटींवर भंडारी (आचारी) होता म्हणे.

शहापूरहून सापगावमार्गे दमणीने (टपाच्या बैलगाडीने) निघालो. ओढ्याच्या वाळूत चाक दोनदा रुतलं. दोन्ही वेळा मी उतरून ढकललं आणि गाडीवाला वर बसून बैलांना माझं कौतुक सांगत राहिला. शेतांत उडव्या (भाताच्या पेंढ्यांच्या राशी) रचलेल्या होत्या. लांबवर सिद्धगड दिसू लागला तेव्हा माझी कंबर कामातून गेली होती.

मिंगेल सत्तरीचा, कोपरापर्यंत पिठाने माखलेला. बाड चाळून म्हणाला, "येतात सगल्या. पन अशा बसून नाय सांगता येत. फ्रेंच मी बोटीच्या भटारखान्यात शिकलो, भांडनात. कोन भांडला का आपोआप तोंडात येतात."

मला रडायचं तेवढं बाकी राहिलं. पाव घ्यायला आलेल्या देवकाबाईंनी काय झालं ते विचारून घेतलं. "हात्तिच्या, मंग आमी भांडतो ना," त्या म्हणाल्या आणि शेजारणीला हाक मारली. "यमुने, ये गो. सायबाची नोकरी जातेय."

आधी दोघी नुसत्याच लाजत होत्या. "तू वाईट." "नाय, तूच वाईट." मिंगेल मान हलवी. "यानं काय नाय येत." मग देवकाबाई सहज म्हणाल्या, "तू माजा बांध कोरलास."

यमुनाबाईंचा चेहराच बदलला. "कदी कोरला? तुजा सासरा कोरीत व्हता, ते इसरलीस?"

झालं. दोन्ही घरची माणसं धावत आली आणि खरंखुरं जुंपलं. मिंगेल भट्टीपुढे उभा राहून बाडातल्या एकेका म्हणीवर बोट ठेवी आणि तिची फ्रेंच जोडीदारीण ठणकावी. मी ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवत होतो. दुपारी दोघींनीच मला भाकरी आणि सुकट वाढली. एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळे मला दोनदा जेवावं लागलं.

शेवटी एकच म्हण उरली, खूप दिवसांनी घरी आलेल्याला दारात म्हणायची. मिंगेलने हाताचं पीठ पुसून कागद जवळ घेतला. "ही माजी आई म्हनायची. फ्रेंच नाय ठावं. बोटीवर कोन कोनाच्या घरी येतो?" मला फार वाईट वाटलं.

परतल्यावर तडक छापखान्यात गेलो. डॉक्टर बसलेलेच होते. बोटीवरची ती फ्रेंच वाचता वाचता ते पोट धरून हसले. मग मालकांनी शेवटच्या म्हणीपुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, "हे काय?" मी मिंगेलचं उत्तर सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तशीच कोरी छापा," ते म्हणाले. नोकरी वाचली.

घरी पोचलो तर बायको दारातूनच म्हणाली, "आधी पाय धुवा. अख्खं मुरबाड घेऊन आलात." एरवी मी कुरकुरलो असतो. त्या दिवशी मुकाट्याने पाय धुतले. बत्तीस वर्षांत मिंगेलला दारात एवढंही कुणी म्हणालं नव्हतं.