मिस्त्रींनी नीट केलेलं दार

गल्लीतले लोक तोंडावर त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत आणि पाठ वळली की ‘गुण्या’. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं अवजार. ते मिस्त्रींच्या मागच्या खिशात कायम खोचलेलं असे. कुणाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता हात मागे जाई, टेबलाच्या कोपऱ्याला गुण्या टेके, आणि कप रिकामा होईपर्यंत घरमालकाला कळून चुके, की आपलं टेबल गेली बारा वर्षं आपल्याशी खोटं वागतंय. लग्नानंतर बायकोनं हौसेनं भिंतीवर फोटो टांगला, तेव्हाही मिस्त्रींनी त्याला गुण्या लावला होता. फोटो वाकडा निघाला. बायको शहाणी. तिनं वाद घातला नाही, फोटो काढून कपाटात ठेवला आणि खिळ्याला नवऱ्याचा शर्ट अडकवायला सुरुवात केली.

तर अशा माणसाला टीव्हीचं काम मिळालं. एक विनोदी मालिका येणार होती, आठ भागांची. दोन बहिणींना मामाचं सुट्टीचं घर वारशात मिळतं, दोघींची बिऱ्हाडं नेमकी एकाच आठवड्यात तिथे येऊन थडकतात, आणि माघार घ्यायला कुणीच तयार नसतं. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक, माणसं नऊ. हे घर स्टुडिओत उभं करायचं होतं. बाकीचे सुतार म्हणाले, दोन महिन्यांचा तर मामला, प्लायवूड ठोका आणि मोकळे व्हा. मिस्त्रींनी पुढच्या दाराला अस्सल लाकडाची चौकट घातली, तीन बिजागऱ्या लावल्या, आणि दार असं बसवलं की करंगळीनं ढकलावं. तीस वर्षांत त्यांनी बसवलेलं एकही दार अडलं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कुणी सांगत असलं तर मात्र मध्ये बोलत नसत.

दर गुरुवारी दुपारी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी सातला तो भाग टीव्हीवर, असा शिरस्ता होता. पहिल्या गुरुवारी मिस्त्री सकाळीच सेट सोपवून दुसऱ्या कामाला गेले होते. त्यामुळे रविवारी घरात टीव्हीपुढे बसलेल्या सगळ्यांइतकेच तेही कोरे होते. सगळे म्हणजे बायको, मुक्कामाला आलेल्या सासूबाई आणि समोरची शिंपीण. शिंपीण स्वतःची खुर्ची घेऊन आली होती. मिस्त्रींच्या खुर्च्या फार ताठ, त्यांत बसलं की परीक्षा द्यायला आल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं.

पडद्यावर थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा थोरला जावई, दोन हातांत दोन बॅगा घेऊन घरापुढे आला. रुबाबात म्हणाला, ‘‘या, आपल्या हक्काच्या घरात या,’’ आणि त्यानं दार ढकललं.

दार अडलं.

त्यानं परत ढकललं. हसून बायकोकडे पाहिलं. खांदा लावला. बॅगा खाली ठेवल्या, दाराशी हळू आवाजात काहीतरी समजुतीचं बोलला, मग एकदम लाथ मारली आणि पाय धरून उड्या मारू लागला. शेवटी तो खिडकीतून आत शिरला. आतून रुबाबात दार उघडायला गेला, तर ते आतूनही उघडेना. स्टुडिओतले लोक हसून कोसळत होते. शिंपीण पदर तोंडात कोंबून हसत होती. बायकोचे डोळे वाहत होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं थांबवा कुणीतरी याला, माझ्या पोटात कळ आली.’’

एकटे मिस्त्री हसत नव्हते. ते उठून टीव्हीजवळ गेले आणि दाराची वरची कड बघू लागले.

‘‘रंगाऱ्यानं दुसरा हात मारलाय,’’ ते म्हणाले. ‘‘चौकटीच्या खाचेत. मी नको म्हणून सांगितलं होतं. त्यात दिव्यांची उष्णता. रंग चिकटला.’’

‘‘रंगाऱ्याला कोण ओळखतं, जावईबापू,’’ सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘दार तुमचं.’’

बोलणं गमतीत होतं, पण लागायचं तिथे लागलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीला तर आयताच विषय मिळाला. शिंपीण मिस्त्रींच्या दुकानात शिरताना उंबऱ्यावर थबकली आणि म्हणाली, ‘‘दारातून येऊ, की खिडकी उघडताय?’’ औषधाच्या दुकानातल्याला खांद्याला लावायचं मलम विकायची कल्पना सुचली. हे सगळं मिस्त्रींनी सोसलं. पण कपाटाची ऑर्डर दिलेलं एक गिऱ्हाईक दुपारी आलं आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणालं, ‘‘मिस्त्री, दारं नीट उघडतील ना हो आपली?’’ त्या रात्री मिस्त्री नीट जेवले नाहीत.

गुरुवारी पहाटेच ते स्टुडिओत गेले. दार उतरवलं, खाचेतला रंग खरवडला, कडेवर रंधा फिरवला, मेण लावलं. रंगाऱ्यालाही चार शब्द सुनावले. करंगळीनं ढकलून पाहिलं. मग फुंकर मारून पाहिलं. दार थोडं हललं. मिस्त्री समाधानानं घरी आले आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या रविवारी गल्लीतल्या निम्म्या घरांतून टीव्ही लागले. पहिल्या भागाची ख्याती तशीच पसरली होती. थोरला जावई आला, दार लोण्यासारखं उघडलं, तो आत गेला आणि त्याला दिलेलं वाक्य म्हणाला. वाक्यात काही दम नव्हता. मग सगळेजण एकमेकांवर ओरडले.

‘‘होतं असं,’’ बायको म्हणाली. ‘‘पुढच्या वेळी रंगेल.’’

पुढच्या वेळी घरात चोर आला. त्याच्या पुढच्या वेळी धाकट्या जावयाचा जुळा भाऊ उगवला, त्यालाही चोर समजले. पाचव्या भागात मामाचं भूत आलं. प्रत्येक विनोदानंतर पिपाणीसारखा एक आवाज वाजायला लागला. लोकांना कळावं, की हसायची जागा ही होती. नऊ माणसं आणि एक न्हाणीघर, एवढं सोन्यासारखं भांडवल हाताशी असताना सकाळची रांग म्हणून कुणी दाखवली नाही. शिंपिणीनं आपली खुर्ची परत नेली. बायको टीव्हीपुढे बसून शेंगा सोलायला लागली. पहिल्या रविवारी ती शेंगा विसरून बसली होती.

‘‘घर सुट्टीचं आहे,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘पण सुट्टीवर लेखक गेलेला दिसतोय.’’

‘‘दार बाकी बघा,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘आवाज तरी येतो का?’’

बायकोनं शेंग हातातच धरली. ती मघापासून पडद्याकडे निराळ्याच नजरेनं बघत होती. ‘‘अहो, तो त्या दाराकडे कसा बघतो ते पाहिलंत?’’

‘‘कोण?’’

‘‘थोरला जावई. आत येताना दर वेळी हात जरा जोरात लावतो. अडेल असं वाटत असणार त्याला. दार आपलं झटकन उघडतं, आणि मग बिचाऱ्याच्या तोंडात नुसतं ते वाक्य उरतं. पहिल्या दिवशी मजा त्या वाक्यांत नव्हतीच. तो आणि दार, दोघं मिळून खेळत होते. तुम्ही त्याचा सोबती घरी बसवलात.’’

‘‘म्हणजे मालिका माझ्यामुळे पडली?’’

‘‘तसं कुठं म्हणाले? पाडायला भूत आहे, चोर आहे, पिपाणी आहे. पण चाललेली होती ती दारामुळे.’’

मिस्त्रींनी यावर दोन दिवस काढले. फळी रंधताना मध्येच थांबत, स्वतःशी मान हलवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात एक रिकामी चौकट उभी केली, तिला एक जुनं दार लावलं आणि आत हाक मारली, ‘‘अगं, बॅग घेऊन ये. रिकामी चालेल.’’

अडणारं दार करायचं, हे ठरवणं सोपं होतं. करताना मात्र मिस्त्रीच अडले. हातच तयार होईना. पटाशी चुकीच्या जागी नेली की ती आपोआप बरोबर जागी यायची. पहिल्यांदा त्यांनी खाचेत पट्टी ठोकली. दार असं बसलं की उघडायला पहार लागली. मग पट्टी तासली. दार विनातक्रार उघडलं. तिसऱ्या खेपेला जमलं. दोन धक्क्यांना अडायचं आणि तिसऱ्याला सुटायचं. बायको बॅग घेऊन आत आली, धडपडली. स्टुलावर परीक्षक म्हणून बसलेल्या सासूबाई हसल्या. दुसऱ्यांदा थोड्या हसल्या. तिसऱ्यांदा नाही.

‘‘काय झालं?’’

‘‘आता माहीत आहे ना अडणार ते,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘आणि हिलाही माहीत आहे. कशी नाटकी ढकलते बघा. नाटक कंपनीनं काढून टाकलेल्या बाईसारखी.’’

‘‘आई, तू ये ढकलायला,’’ बायको म्हणाली.

बरोबर होतं सासूबाईंचं. मिस्त्रींनी पट्टी उपटून काढली, दार चार वेळा उघडझाप करून दाखवलं आणि म्हणाले, ‘‘जाऊ दे, नाद सोडला. बॅग आत आणून ठेव तेवढी.’’ आणि ते दारामागे गेले, पसारा आवरायला म्हणून.

बायको बॅग घेऊन, मागे वळून आईशी बोलत बोलत दाराकडे आली, आणि तशीच त्याच्यावर आदळली. ‘‘अहो!’’ तिनं ढकललं. दार ढिम्म. ‘‘पट्टी काढली ना आत्ता?’’ तिनं कंबर लावली. दार एवढंसं हललं आणि परत बसलं. ‘‘मेल्या, तुला काय झालंय?’’ हे ती दाराला म्हणाली. मग ती दोन पावलं मागे गेली, पदर खोचला, बॅग छातीशी धरून धावत आली, आणि नेमक्या त्या क्षणी दार सताड उघडलं. बॅगेसकट ती थेट रंध्याच्या भुशाच्या ढिगात जाऊन बसली. दारामागे मिस्त्री उभे होते. एक पाय लाकडी पाचरीवर, चेहरा अगदी साधा.

सासूबाईंना कवळी हातात काढून घ्यावी लागली. बायको भुशात बसूनच हसत होती, मग मिस्त्रींना हसू आवरेना. तिघंही इतकी हसली की समोरून शिंपीण कात्री हातात घेऊनच धावत आली, काय आक्रीत घडलं बघायला.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी मिस्त्री स्टुडिओत दिग्दर्शक बाईंना भेटले. बाई वयानं लहान, डोळ्यांखाली काळं आलेलं, पुढ्यात गार झालेला चहा.

‘‘बाई, दार मी नीट केलं होतं. दुसऱ्या भागाआधी.’’

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. ‘‘तुम्ही?’’

‘‘हो.’’

‘‘मिस्त्री, आम्ही सहा आठवडे शोधतोय, काय बिनसलं ते. तीन लेखक बदलले.’’

‘‘मला अडकवता येईल परत. पण उद्या मी दारामागे उभा राहणार. पायाखाली पाचर. केव्हा धरायचं, केव्हा सोडायचं, ते मी बघीन. साहेबांना मात्र कळता कामा नये. कळलं की संपलं.’’

‘‘साहेब’’ म्हणजे थोरल्या जावयाचं काम करणारा नट. बाईंनी गार चहा एका घोटात संपवला. ‘‘तो चिडेल, हां. नंतर तुमच्यावरच येईल. आणि मी मध्ये पडू शकणार नाही. खरं सांगितलं तर पुढे आयुष्यभर तो दर दारामागे माणूस शोधत बसेल.’’

मिस्त्रींनी मागच्या खिशातला गुण्या चाचपला. ‘‘येऊ दे,’’ ते म्हणाले.

गुरुवारी दुपारी ते दाराच्या आतल्या बाजूला, प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे, सेटच्या भिंतीआड उभे राहिले. तिथून दिसत काहीच नव्हतं. मागची बाजू नुसत्या पट्ट्या आणि खिळे. पण दाराला लावलेल्या खांद्यातून सगळं कळत होतं. पहिला धक्का आला, बेसावध, हलका. मिस्त्रींनी पाचर दाबली. पलीकडे शांतता. दुसरा धक्का, त्यात थोडं आश्चर्य. दाबून धरलं. प्रेक्षकांतून एक बारीक हसू आलं. तिसऱ्या धक्क्यात राग होता, चौथ्यात विनवणी. लाकडातून माणसाचा स्वभाव एवढा स्वच्छ कळतो, हे तीस वर्षं लाकडात घालवूनही मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. हसू वाढत वाढत आलं. मिस्त्रींनी टाच एवढीशी उचलली. दार बोटभर सरकलं. पलीकडून विजयाचा हुंकार आला, आणि त्यांनी ते परत बंद केलं. आता छप्पर उडायचं बाकी होतं. पावलं मागे गेलेली त्यांनी ऐकली. एक, दोन, तीन, चार. धावत येणाऱ्या बुटांचा आवाज आला. मिस्त्रींनी अंग चोरलं आणि पाय काढून घेतला.

साहेब दोन बॅगा, एक छत्री आणि टोपीसकट त्यांच्यासमोरून आरपार गेले आणि स्वयंपाकघराच्या टेबलाखाली थांबले. टाळ्या थांबेचनात. पिपाणीवाल्याला पिपाणी वाजवायची फटच मिळाली नाही.

चित्रीकरण संपल्यावर साहेब खांदा चोळत मागे आले. मिस्त्री अवजारं पिशवीत भरत होते.

‘‘मिस्त्री, अहो काय दार बसवलंय तुम्ही? पहिल्या भागात तेच, आज शेवटच्यात तेच. साधं दार बसवता येत नाही?’’

आजूबाजूला दिवे उतरवणारी माणसं थबकून बघायला लागली. रंगाऱ्याला भारीच आनंद झाला. दिग्दर्शक बाईंनी कागदांत डोकं घातलं.

‘‘चुकलं साहेब,’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘लोक हसले ते माझ्यामुळे. मी सावरलं म्हणून. नाहीतर तुमच्या दारानं आज अब्रू घेतली असती.’’

‘‘खरंय. तुम्ही होतात म्हणून निभावलं.’’

‘‘पुढच्या कामाला जरा बघून करा.’’

‘‘करीन,’’ म्हणून मिस्त्रींनी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून त्यांनी पिशवीचं तोंड उगाच दोनदा बांधलं, आणि साहेबांना पुढे जायला वाट करून दिली.