मंगळाच्या राजाचा खटला

मंगळावरच्या जुलमी राजाला झुपकेदार मिशा होत्या, डोक्यावर पगडी होती आणि तो आमच्याच शहरातल्या छत्रीबागेत राहत होता. यातली शेवटची गोष्ट मला अंक वाटून झाल्यावर कळली.

इंदूरच्या एका प्रेसमध्ये मी मुलांच्या मासिकाचा संपादक होतो. संपादक म्हणजे गोष्ट लिहा, प्रुफं तपासा, चित्रंही तुम्हीच शोधा. चित्र छापायला ब्लॉक लागायचा, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला, चित्र उठवलेला जस्ताचा पत्रा. नव्याला वेळ लागे, म्हणून खणातला जुना उचलायची आमची रीत. आमचा एकच गणपती लग्नपत्रिकेवरही बसे आणि किराणावाल्याच्या कॅलेंडरवरही.

संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं होतं. मी पंचविशीचा, डोक्यात क्रांती. माझ्या गोष्टीत मंगळाचा राजा सगळं पाणी कुलपात ठेवतो. मुलं बंड करतात आणि त्याला अंतराळात ढकलून देतात. राजाचं चित्र हवं होतं. खणात पगडीवाला सापडला, लावून टाकला.

ते निघाले दरबारचे निवृत्त जज्ज भाऊसाहेब. त्यांच्या सत्काराची पत्रिका आमच्याकडेच छापलेली, ब्लॉक तिच्यातलाच. त्यांची नात मासिकाची वर्गणीदार.

“देवधरजी, ये क्या कर दिया आपने?” मालकांनी कपाळाला हात लावला. “त्यांनी बोलावलंय. जाऊन पाय धरा. वो नहीं माने, तर उद्यापासून येऊ नका.”

लग्नाला दोनच महिने झाले होते. मिठाईवाल्याकडून मावाबाटी घेऊन छत्रीबाग गाठली.

भाऊसाहेब झोपाळ्यावर अंक घेऊन बसले होते. शेजारी नात.

“चूक झाली, भाऊसाहेब. चेहरा आपला आहे हे...”

“चेहऱ्याचं सोडा. छान उठलाय. राजाला ढकललं कोणाच्या हुकमानं?”

“मुलांनी ठरवलं.”

“साक्षीपुरावा? त्याची बाजू ऐकली?”

“तो जुलमी होता!”

“वो तो कोर्ट तय करेगा! मी तीस वर्षं त्या खुर्चीत बसलो. बोलू दिल्याशिवाय भुरट्या चोरालाही एका दिवसाची सजा दिली नाही. तुमचं नवं राज्य न ऐकताच ढकलणार असेल, तर जुन्याची बदनामी कशाला करता?”

मला राग आला. म्हातारा बरोबर होता म्हणून जास्तच आला.

“पण आता तो पडला,” मी पुटपुटलो.

“अंतराळात खाली नसतंच,” नात म्हणाली. “तो अजून पडतच असेल. ओढून घ्या ना!”

पुढच्या अंकात मुलांनी दोर टाकून राजाला परत आणलं आणि खटला भरला. निकाल लिहायचं भाऊसाहेबांनी स्वतःहून अंगावर घेतलं. टपालानं एकच कागद आला: ‘आरोपीचं म्हणणं ऐकलं. पटलं नाही. पाणी कोंडल्याचा गुन्हा शाबीत. सजा: जन्मभर घरोघर पाणी भरणे.’ खाली बारीक अक्षरात: ‘ब्लॉक तोच वापरावा.’

तो कागद मालकांना दाखवला. ते दोनदा वाचून म्हणाले, “उद्या वेळेवर या.”

तेव्हापासून मी प्रत्येक ठोकळ्यामागे नाव लिहून ठेवू लागलो. आणि कुठल्याही राजाला ढकलायच्या आधी त्याला बोलू देतो. बहुतेक वेळा त्यानंतरही ढकलावंच लागतं.