तळ्यातल्या चांदीच्या दुर्वा

बाबांनी मेटल डिटेक्टर घेतला त्या दिवशी मी घरात पत्रक लावलं. फ्रिजवर, चुंबकाखाली. मथळा होता ‘जमिनीखालचं कोणाचं?’ जमिनीत सापडणारं जुनं धन सगळ्या लोकांचं असतं, कायद्यानेसुद्धा ते सरकारच्या हवाली करावं लागतं, आणि खजिन्याच्या मागे लागलेला माणूस शेवटी दुसऱ्याचं अंगण खणतो, असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं, खिशातलं पेन काढून खाली ‘मंजूर’ असं लिहिलं आणि खोकं उघडायला बसले.

पत्रकांची आमच्या घरात कधी वानवा नव्हती. आई जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका विमा कार्यालयात होती आणि तिथल्या कर्मचारी संघटनेचं काम करायची. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा लहानपणीचा खेळ. शाळेत हिंदी आणि इंग्रजी. मराठी वाचायला मी शिकले ती आईच्या साताऱ्याच्या मैत्रिणी पाठवायच्या त्या पत्रकांवरून. त्यामुळे आजही ‘निषेध’ हा शब्द मला ‘भाकरी’ या शब्दाइतकाच घरचा वाटतो.

बाबा लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये होते. पुरलेले सुरुंग शोधणं हे त्यांचं काम. शेवटची बदली जयपूरला झाली, आईची नोकरी इथेच होती, म्हणून निवृत्तीनंतरही आम्ही इथेच राहिलो. बाबा शहरातल्याच झालाना भागातल्या एका कचेरीची सुरक्षा बघू लागले. पण हातात ती लांब दांडी आणि कानाला हेडफोन नसले की त्यांना चैन पडायचं नाही, असं आईचं म्हणणं. म्हणून हे यंत्र.

जयपुरात असं यंत्र घेतलं की लोक गप्प बसत नाहीत. इथे प्रत्येकाच्या आजोबांना कुठल्या ना कुठल्या किल्ल्यात दडवलेल्या हंड्यांची गोष्ट माहीत असते. एकदा एक गृहस्थ घरी आले. त्यांच्या जुन्या हवेलीच्या तळघरात काहीतरी आहे अशी त्यांना खात्री होती. बाबांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, “मैं खोया हुआ ढूँढता हूँ, जी. गड़ा हुआ नहीं.” ते गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “पुरलेलं शोधायचं काम नोकरीत पुरे झालं.” त्या दिवशी मी फ्रिजवरचं पत्रक काढून टाकलं.

हरवलेलं मात्र ते मनापासून शोधायचे. क्रिकेटच्या मैदानात पडलेली किल्ली, बागेत निसटलेलं पैंजण. आमच्या ओळखीतल्या एका मराठी बँक अधिकारी बाईंची लग्नातली अंगठी पोहण्याच्या तलावात पडली, तेव्हा बाबा छातीभर पाण्यात उतरले. यंत्राची तळाची चकती पाण्यात चालते, वरचा डबा भिजू द्यायचा नाही. अंगठी सापडल्यावर त्या बाई रडायला लागल्या आणि बाबा संकोचून पुन्हा पाण्यात गेले.

आता दुर्वांबद्दल सांगायला हवं.

आजी, म्हणजे आईची आई, साताऱ्यात वारली तेव्हा आईला वेळेवर पोचता आलं नाही. महिन्याभराने मामाने आजीचे पैंजण आणून दिले. आई ते पायात घालेना, कपाटातही ठेववेनात तिला. शेवटी जौहरी बाजारातल्या सोनाराकडून तिने ते आटवून घेतले आणि गणपतीसाठी चांदीच्या दुर्वांची जुडी करून घेतली. बारीक पाती, खाली चांदीच्याच तारेचा वेढा. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती जुडी ती स्वतः पुसते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. कारण सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

विसर्जनाला आम्ही बगरूजवळच्या एका तळ्यावर जातो. शाडूची मूर्ती मातीतच जावी, शहरातल्या रंगीत गाळात नको, हा माझा आग्रह. इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांनी तो मानला. बगरूला कापडावर ठशांची छपाई चालते. तिथले लोक तळ्यातली काळी माती चुन्या-डिंकात कालवून कापडावर लावतात. जिथे माती बसते तिथे रंग चढत नाही. आपला गणपती कोणाच्या तरी ओढणीवरची पांढरी वेल होतो, ही कल्पना मला फार आवडते.

या वर्षी उत्तरपूजा झाली, आरती झाली, मूर्ती हलवली. मूर्तीच्या माथ्यावर हिरव्या दुर्वांचा ढीग होता आणि त्या ढिगाखाली चांदीची जुडी. आईला वाटलं बाबांनी काढली, बाबांना वाटलं आईने. माझ्या हातात नैवेद्याचा डबा होता. तळ्याच्या काठी पुन्हा एकदा आरती झाली, बाबांनी थोडं निर्माल्य काठावर उतरवलं आणि मूर्ती गुडघाभर पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जुडी ठेवायची डबी उघडली. ती रिकामी होती.

“चांदीच ती,” आई म्हणाली. “दुसरी करू.” आणि कार्यालयाला जायची साडी न नेसता घरातल्याच साडीवर गाडीत जाऊन बसली. पर्समध्ये ती रिकामी डबी होती. मी पाहिलं.

तळ्यावर छपाईवाल्यांपैकी एक काकू माती बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, “भाईसाब, आज ही ढूँढ लो. कल इस किनारे से मिट्टी उठेगी.” म्हणजे आजचाच दिवस होता.

बाबांनी खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली. काठापासून पाण्यापर्यंत पट्टे आखले. ही त्यांची जुनी पद्धत. पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चकती फिरवायची, अर्धं पाऊल पुढे, पुन्हा कडेपासून कडेपर्यंत. घाई नाही, उडी नाही. पट्टा संपला की मोठ्याने म्हणायचं, “साफ.” नोकरीत हा शब्द ते बोलले की मागची माणसं त्या जमिनीवरून चालायची. त्यामुळे घरीसुद्धा तो शब्द ते उगाच वापरत नाहीत. बेसिन धुतलं तरी ‘झालं’ म्हणतात.

यंत्राला पडदा आहे, त्यावर आकडे दिसतात. बाबांनी त्यावर पहिल्याच दिवशी काळी चिकटपट्टी लावली. “डोळा आकड्यावर गेला की पाय चुकतो,” असं त्यांचं म्हणणं. त्यांचं सगळं काम कानावर. लोखंड घोगरं वाजतं. पितळ, चांदी बारीक, उंच.

काठावर एक गंजका खिळा सापडला, मग घोड्याची नाल. पट्ट्यामागून पट्टा साफ. मग ते पाण्यात उतरले, मूर्ती सोडली होती त्या जागेपर्यंत गेले, तिथेही सावकाश फिरले. बाहेर आले तेव्हा पँट मांडीपर्यंत भिजलेली होती. कडुनिंबाखाली बसलेल्या आईकडे न बघता म्हणाले, “इथं नाही.”

आईने थर्मासमधून चहा ओतला. बाबांनी हेडफोन उतरवून यंत्र गवतावर ठेवलं. उन्हात तापेल म्हणून मी ते सावलीत न्यायला उचललं. चालूच होतं. सहज हेडफोन कानाला लावले, सहज दांडी फिरवली, ज्या पट्ट्याला बाबा साफ म्हणाले होते तिथेच. कानात एक बारीक, उंच सूर उठला. इतका स्पष्ट, की मी दचकले.

मी गुडघ्यावर बसून बोटांनी माती उकरली. वाटलं, दुर्वाच. हाताला लागलं ते एक पितळी घुंगरू, बकरीच्या गळ्यातलं. फार खोल नव्हतं.

मान वर केली तर बाबा कप हातात धरून माझ्याकडे बघत होते.

“कुठं होतं?”

“इथं. दुसऱ्या पट्ट्यात.”

ते आले. खाली बसून खड्डा बघितला. घुंगरू माझ्या हातातून घेतलं, शर्टाला पुसलं आणि उजव्या कानाजवळ हलवलं. मग डाव्या.

“वाजतंय का?”

आई झाडाखालूनच म्हणाली, “वाजतंय.”

“तुला माहीत होतं?”

“कुकर शिट्ट्या मारून मारून दमतो, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसलेले. आधी वाटलं कामातनं अंग काढताय.”

“मग बोलायचं न्हाई?”

“ते यंत्र घेऊन निघता तेव्हा किती खुशीत असता,” आई म्हणाली. “म्हटलं, असू दे.”

मला काय वाटलं ते सांगते. वर्षानुवर्षं ज्यांच्या शेजारी स्फोट झाले आणि ज्यांनी कानात नुसते कापसाचे बोळे घातले, त्या सगळ्या माणसांचे कान कोणाच्या हिशेबात धरलेत, हा प्रश्न मला तिथेच, त्या तळ्याकाठी, मोठ्या अक्षरात दिसायला लागला. मथळा तयार होता. पहिलं वाक्यही. बाबांना माझा चेहरा पाठ आहे.

“पत्रक नंतर काढ,” ते म्हणाले. “आधी दुर्वा.”

पण ते उठले नाहीत. घुंगरू तळहातावर ठेवून बसले. मग माझ्याशी बोलावं की नाही असं करत बोलले. “शेवटच्या पोस्टिंगला सीमेवर मी साफ म्हटलेल्या पट्ट्यांवरनं पोरं चालली, बाळ.”

तळ्यावर एक टिटवी ओरडत फिरत होती. ती तरी त्यांना ऐकू येत होती का, कोण जाणे.

“लोखंड येतं ऐकू,” ते पुढे म्हणाले. “आजही आलं. खिळा आला, नाल आली.”

अशा वेळी मी एरवी मुद्दे मांडते. त्या दिवशी मला एकच आठवलं. लहानपणी झोपताना ते मला कामाच्या गोष्टी सांगायचे, भीती वाटणार नाही अशा. त्यातली एक.

“बाबा, तुमच्या मागनं कोणीतरी यायचं ना? तोच पट्टा परत बघायला?”

“यायचा की. दुसरा माणूस. एका कानावर पट्टा कधी सोडायचा नसतो.”

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाच नव्याने कळल्यासारखं झालं. खांदे जरा खाली आले.

“मग आज तुमच्या मागं कोण होतं?” मी विचारलं.

त्यांनी घुंगरू खिशात टाकलं. मी हेडफोन कानाला लावले.

“त्यापेक्षा पडद्यावरची चिकटपट्टी काढूया का?” मी म्हटलं.

“गाळात पाय बघू का आकडे बघू? चल. आणि मधे बोलू नकोस. बोललीस की ऐकू येत नाही.”

“बघा कोण सांगतंय,” आई म्हणाली. ती साडी खोचून काठापर्यंत आली होती.

हेडफोनची वायर आखूड, त्यामुळे मला त्यांच्या अगदी पाठीशी चालावं लागलं. दांडी त्यांच्या हातात. ती तशी फिरवणं मला जन्मात जमणार नाही. चकती पाण्याखाली एका पातळीत सरकत होती, जणू पाण्याखाली कोणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही. मी डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला होता. ठरलं होतं, आवाज आला की दाबायचं. गाळ बोटांच्या फटीतून वर येत होता, थंड आणि मऊ. कानात नुसती हलकी खरखर. एकदा घोगरा आवाज आला. मी दाबायच्या आत तेच थांबले आणि म्हणाले, “लोखंड.” माझ्या हेडफोनमधून बाहेर जेवढं झिरपत होतं तेवढ्यावर त्यांना ते कळलं होतं. मला हसू आलं.

मूर्ती सोडली होती त्या जागेच्या थोडं पलीकडे, उताराच्या बाजूला, तो सूर आला. घुंगरासारखाच, पण अधिक बारीक. गेला. चकती परतली, पुन्हा आला. मी खांदा दाबला.

बाबा थांबले. दांडी माझ्याकडे दिली, वाकले, हात कोपराच्या वर पाण्यात घातले. कितीतरी वेळ त्यांची बोटं खाली काहीतरी चाचपत होती. मग त्यांनी गाळाचा एक गोळा वर काढला. अर्धवट विरघळलेली शाडू, तिच्यात काळी पडलेली दोन हिरवी पाती, आणि एका बाजूने चकाकणारी तार.

ते काठाकडे गेले. मीही गेले, वायर होती ना. आईने ओंजळ पुढे केली, बाबांनी गोळा त्यात ठेवला. पाणी दोन पावलांवर होतं, पण आईने तो धुतला नाही. अंगठ्याने थोडी माती बाजूला केली, पाती सगळी जागेवर आहेत का बघितलं, आणि मातीसकट जुडी डबीत ठेवून झाकण लावलं. झाकण नीट बसेना. तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“पुढच्या वर्षी कोण काढणार ते आत्ताच ठरवा,” ती म्हणाली. “नाहीतर ही मिटिंग परत इथंच.”

मला वाटलं आता निघायचं. पण बाबा पुन्हा पाण्याकडे वळले.

“कुठं निघालात?” मी विचारलं.

“पट्टा अर्धा राहिलाय. दुसऱ्या कोणाचंही काही असेल.”

आम्ही परत उतरलो. ऊन कलायला लागलं होतं. पट्टा संपेपर्यंत पुढे काहीच वाजलं नाही. शेवटच्या सुतळीपाशी बाबा उभे राहिले, दांडी वर उचलली, आणि नेहमीचा शब्द बोलायच्या ऐवजी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“साफ?”

मी हेडफोन कानावर दाबून धरले. खरखर, पाणी, बाकी काही नाही.

“साफ,” मी म्हटलं. मग, त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून, पुन्हा एकदा मोठ्याने.